पूर्वेची खोली

"गुरुजी, पुन्हा हरकत आलीय," ग्रामसेवक भागवत म्हणाला आणि फायलीच्या दोरीला उगाच गाठी मारत बसला.

दिनकररावांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. ही तिसरी खेप. आधीच्या दोन अर्जांचंही असंच झालं होतं. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर नोटीस लागायची, पंधरा दिवसांची मुदत संपत आली की नेमकी कुणाची तरी हरकत यायची, आणि वाढीव बांधकामाची परवानगी तिथंच अडकायची.

"कुनाची हाय?"

"नाव सांगता येत न्हाई, गुरुजी. दुसऱ्या अंगाला काढा की खोली."

"पश्चिमेला रस्त्यावर काढू का? उत्तरेला हीर हाय, दक्षिणेला ओढा. पूर्व सोडून जागा हाय का मला?"

भागवत खाली बघत राहिला. चौथीपर्यंत तो दिनकररावांच्याच हाताखाली शिकला होता. उत्तर येत असूनही सांगायचं नसलं, की तेव्हाही असाच खाली बघायचा.

राणीसावरगावच्या कडेला, शेताला लागून असलेलं ते घर म्हणजे मुळात गुरांचा गोठा. निवृत्त झाल्यावर दिनकररावांनी गुरं विकली, दगडी भिंतींना गिलावा केला, गव्हाण काढून ओटा घातला आणि दोन खोल्यांत कमलबाईंसह संसार थाटला. दोघांना तेवढं पुष्कळ होतं. पण पुण्याहून पियुषचा फोन आला होता. "एक वेगळी खोली झाली तर मी अन् योगिनी पोरीला घेऊन तिकडंच येतो, बाबा. माझं काम घरूनच आहे. दसऱ्यापर्यंत सांगा, नाहीतर इथं फ्लॅट बघतो." एकुलता एक मुलगा, एकुलती एक नात. दिनकररावांनी त्याच आठवड्यात नकाशा काढून घेतला आणि पोरीचा झोका कुठं टांगायचा तेही ठरवून टाकलं.

हरकत कुणाची, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. पूर्वेचा बांध धाकट्या भावाचा, अप्पारावचा. हाच का तो भाऊ, असं त्यांच्या मनात येई. कमलबाईंच्या पहिल्या बाळंतपणात मूल आडवं आलं, तेव्हा दिनकरराव जनगणनेच्या कामावर पाथरीकडे होते. बैलगाडी जुंपून दवाखान्याकडे पळाला तो अप्पारावच. मूल गेलं, पण बायको वाचली. महिनाभरानं दिनकरराव परतले तर कमलबाई चुलीपुढं बसलेल्या, आणि आई म्हणाली, "झालं ते झालं, आता इचारू नको." त्यांनी विचारलं नाही. विचारण्यापेक्षा सांगायची सवय जास्त, मास्तरच ते. पण त्या वेळी एवढा धावलेला भाऊ आज हातभर जमिनीसाठी उलटावा, याचं त्यांना फार वाईट वाटायचं.

ते तसेच शेतात गेले. अप्पाराव तुरीत खुरपत होता.

"आप्पा, खरं सांग. तूच आडवायलास ना?"

अप्पारावनं मान वर केली नाही. "दादा, वर माळा चढव."

"दगडमातीच्या भिंती. वजन पेलंल का त्यायला?"

"मग ऱ्हाऊ दे खोली."

"माझं पोरगं, माझी नात घरी यायलीय, अन् तू म्हनतोस ऱ्हाऊ दे? बांधाची लय फिकीर हाय तुला!"

"तसं समज," अप्पाराव म्हणाला, आणि खुरपं पुन्हा चालू झालं.

दिनकरराव तणतणत घरी आले. कमलबाई पूर्वेच्या कोपऱ्यातल्या मोगऱ्याला पाणी घालत होत्या, तेही प्यायच्या हंड्यातलं. उन्हाळ्यात टँकर यायचा तेव्हासुद्धा त्या मोगऱ्याचा तांब्या चुकत नसे. त्या कोपऱ्याचं त्यांना भारीच कौतुक. गोठा होता तेव्हाही तिथं कधी जनावर बांधू दिलं नव्हतं.

"मोगरा दुसरीकडं लावता यील," दिनकरराव म्हणाले. "झाड मोठं का मानसं?"

"मानसंच," कमलबाई म्हणाल्या आणि उरलेलं पाणी हळूच मुळाशी ओतलं. मग थांबून म्हणाल्या, "आवं, ओसरीला पडदा लावू. मी भाईर निजंन. पन त्यायला या म्हना."

"पडद्याआड सून ऱ्हाती व्हय कुनाची?"

कमलबाईंचे डोळे भरून आले. नातीच्या आठवणीनं असणार, असं दिनकररावांना वाटलं. त्यांनाही गलबलून आलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी माहितीच्या अधिकारात हरकतीच्या प्रतीसाठी अर्ज टाकला. अप्पारावला चार माणसांत उघडा पाडायचाच होता.

दसरा आला आणि गेला. तिसऱ्या दिवशी पियुषचा फोन आला. फ्लॅट ठरला होता. "दिवाळीत येऊ की दोन दिवस," तो म्हणाला. दिनकररावांनी "बरं" म्हटलं. नकाशाची घडी केली आणि पत्र्याच्या पेटीत तळाशी घातली. आता कुठली खोली अन् कुठला झोका. घर दोघांचंच राहणार होतं, आणि पुढं कधीतरी एकाचं.

ग्रामपंचायतीचं पाकीट आलं ते त्यानंतर. खरं तर आता त्याचा उपयोग नव्हता. तरी दिनकरराव ओट्यावर बसले, चष्मा लावला. पहिल्याच ओळीला त्यांनी मांडीवर थाप मारली. अक्षर अप्पारावचं! त्यांनी स्वतःच वळण लावलेलं अक्षर, चुकेल कसं? "बघ गं, म्हनलो न्हवतो?" त्यांनी अंगणाकडं तोंड करून हाक मारली.

कमलबाई मोगऱ्यापाशी होत्या. त्या आल्या नाहीत.

दिनकररावांनी कागदाच्या तळाशी पाहिलं. अप्पारावची सही साक्षीदार म्हणून होती. हरकत घेणाऱ्याच्या जागी लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यांनीच पाटीवर गिरवून घेतलेली, फुगीर पोटाच्या 'क'ची सही होती. आणि वर कारण लिहिलं होतं : पूर्वेच्या कोपऱ्यात माझी पहिली मुलगी पुरलेली आहे, तिथे पाया खोदू नये.