बाळापूर घेऊन राहिलो

पंचांकडे टपालाने चाली पाठवून खेळायचा लढाईचा जुना खेळ अकोल्याच्या संघपालजींना अर्धामुर्धाच आठवे. नाव विसरले, विजय मात्र नाही. त्यांच्या एका पोस्टकार्डासरशी बाळापूरचा किल्ला न लढताच पडला होता. तंत्रनिकेतनात शिकवताना अंगी बाणलेल्या शिस्तीने शोध घेत ते अमरावतीत तेव्हाच्या प्रतिस्पर्धी साधनाताईंकडे पोहोचले. ताईंनी त्या खेळाचा, ‘गडफत्ते’चा, नकाशा पसरला, किल्ला म्हणून बाळापुरावर बटण ठेवले. “तुमची चाल पाठ आहे मले: ‘बाळापूर घेऊन राहिलो.’” “म्हणजे, हल्ला चालू!” “आपल्या वऱ्हाडीत, भाऊ! पंच पुण्याचे. त्याईले वाटलं, घेतलं अन् तिथंच राह्यले. देऊन टाकला किल्ला!” आयुष्यभर मिरवलेला विजय संघपालजींच्या चेहऱ्यावरून उतरला. “मी जितलोच नाई?” “तुमी नाई, आपली वऱ्हाडी जितली. आता पंचाबिगर खेळू.” खुललेल्या संघपालजींनी फौज सरकवली. “काय करून राहिले?” “बाळापूर घेऊन राहिलो!” बटण मुठीत धरून ताई हसल्या, “घेऊन तर पाहा!”