दारापुढचं कापड

चांदभाईनं टेम्पोतून कापडाचा गठ्ठा ओढला आणि समाधानच्या हातात दिला.

"पांढरंच उरलंय बघ. रंगीत सगळं लग्नांना गेलं. आता धुळ्याला जाऊन मांडव उभा करायचाय, तिथंही कापड कमीच पडणार."

"पांढरंच बरं. ऊन कमी लागतं."

"रिक्षाचे हूड शिवणाऱ्याला मी काय शिकवू? वहिनींना सलाम सांग." टेम्पो पिंप्राळ्याच्या त्या अरुंद गल्लीतून मागे मागे घेत चांदभाई निघून गेला.

ट्रेलर दाराला लागूनच उभा होता. जुन्या ट्रॉलीच्या चाकांवर समाधाननं प्लायवूडची खोली बसवली होती. आत बायकोपुरती, मृणालीपुरती गादी, पायथ्याशी लेकीपुरती, यशूपुरती जागा. मृणालीला आता बसून प्रवास झेपत नव्हता, पडून झेपला असता. दवाखान्यानं घरी न्या म्हणून सांगितलं, तेव्हापासून तिनं एकच मागितलं होतं. हतनूरच्या धरणावर उघड्यात पडायचं आणि पाखरं बघायची. थंडीत आलेली पाखरं आता परत जायला लागली होती. ट्रेलरला पुढं सावली तेवढी करायची राहिली होती.

ती त्यानं आज केली. कापडाच्या कडेला नेफा शिवून त्यात पाइप घातला, एक बाजू ट्रेलरच्या टपाला बांधली, दुसरी दोन खांबांवर ताणली. दोरी आवळली तसं कापड फडफडायचं थांबलं. खाली गार, दुधाळ उजेड पडला. त्यात मृणालीचा चेहरा कसा दिसेल, हे त्यानं क्षणभर मनात बघून घेतलं. खिडकीशी तिची खाट होती. पडदा ओढलेला होता. झोपली असावी.

दोरीचं टोक चाकाला बांधायला तो ट्रेलरखाली सरकला. तिथून त्याला आधी पाय दिसले. भेगाळलेल्या टाचांचे, अनवाणी. मग आणखी दोन. कुणीतरी चपला गल्लीच्या कडेला काढून ठेवत होतं.

तो बाहेर आला. कापडाखाली शेजारच्या ताईबाई डोक्यावरून पदर घेऊन बसल्या होत्या. त्यांच्या मागं कुंदाबाई. समोरच्या घरातले प्रेमराजभाऊ सतरंजी घेऊन येत होते.

"कवय व्हयनं रे बापा?" ताईबाईंनी विचारलं.

"काय कधी झालं?"

ताईबाईंना तेवढंच पुरलं. "कितली गुणनी पोर व्हती वं माय!" त्यांनी गळा काढला. "नळना पानीकरता मी तिनासंगे बोलनं सोडी दिन्हं वं!"

समाधानला आत्ता कळलं. आजारी माणसाच्या दारापुढं पांढरं कापड, नुकताच येऊन गेलेला मांडववाल्याचा टेम्पो. गल्लीला आणखी काय सांगायला हवं होतं?

तो ओरडून सांगू शकत नव्हता. खिडकी हातभर अंतरावर होती. त्यानं ताईबाईंपुढं गुडघे टेकले, हात जोडले. "आजी, हळू. पाया पडतो, हळू."

"रडू दे रे मला. तू बी रड." त्यांनी त्याचं डोकं छातीशी ओढून घेतलं. "मन मोकळं कर."

"आजी, ती आहे."

"आहेच रे, आपल्या मनात आहेच," कुंदाबाई म्हणाल्या.

प्रेमराजभाऊंनी सतरंजी अंथरली आणि समाधानच्या पाठीवर हात ठेवला. "बोदवडला कळवलं का? माहेरचे येईपर्यंत थांबावं लागेल. तू बस. बाकीचं आम्ही बघतो."

"भाऊ, आत झोपलीय ती. जिवंत आहे. हे ट्रेलरचं छत आहे. आम्ही फिरायला चाललोय."

प्रेमराजभाऊंनी कापडाकडे बघितलं, ट्रेलरकडे बघितलं. मग त्यांना त्याच्याकडे बघवेना. ताईबाईंचा हुंदका अर्ध्यातच अडकला. कुणी उठेना. गल्लीच्या तोंडाशी आणखी दोघीजणी पदर सावरत येताना दिसल्या.

दारात यशू उभी होती. तिच्या केसांत एकाच बाजूला रबर होतं. दुसरी वेणी आईच्या हातून पुरी झाली नव्हती.

"पप्पा, आई बोलावतेय."

म्हणजे ती जागीच होती.

मृणाली कोपरावर भार देऊन उठली होती. पडदा एका बोटानं बाजूला केलेला. एवढं उठायला तिला किती बळ लागलं असेल, ते तिच्या कपाळावरच्या घामावरून दिसत होतं. त्यानं पाठीशी उशी सरकवली.

"त्यांना वाटलं..." त्यानं सुरुवात केली.

"कळलं मला." ती बाहेरच बघत होती. "ताईबाई किती छान रडतात रे. नळावर तर मला सटवी म्हणायच्या." ती हसली, हसताना खोकली. "कुंदाबाईंनी तर साडीही बदललीय. इतक्यात कशी बदलली गं बाई?"

"मी घालवतो सगळ्यांना."

"नको. कामं टाकून आलेत. चहा कर त्यांना, साखर जरा जास्त घाल." दमून तिनं डोकं टेकलं. यशू खाटेवर चढली आणि तिच्या कुशीत शिरली. मृणालीनं सुटलेले केस हातात घेतले, तीन पेड केले आणि तसेच धरून ठेवले.

समाधान उभाच होता. "उद्या पहाटे निघू," तो म्हणाला. "उन्हाच्या आत पोचू. चहा झाला की कापड उतरवून गुंडाळून ठेवतो."

मृणालीनं खिडकीतून वर बघितलं. ताणलेल्या कापडाला कुठंही सुरकुती नव्हती.

"राहू दे," ती म्हणाली. "छान बांधलंस. दोनदा कशाला बांधायचं?"