सुतकातली फोडणी

दार उघडंच होतं आणि आतून जिऱ्याच्या फोडणीचा वास येत होता. प्रेमलताबाईंनी हातातला पोळीभाजीचा डबा पटकन चपलांच्या रॅकमागे सरकवला.

सकाळी चौकीदाराने त्यांना एवढंच सांगितलं होतं, की वरच्या मजल्यावरच्या भारतीबाईंच्या घरचं कोणीतरी न्यूझीलंडमध्ये गाडीच्या अपघातात गेलं. मयताच्या घरी चूल पेटत नाही, जेवण शेजाऱ्यांनीच न्यायचं असतं. म्हणून नागपूरच्या बेसा भागातल्या या इमारतीत नव्या असूनही त्या डबा घेऊन निघाल्या होत्या. पण इथे तर गॅस पेटलेला. म्हणजे या घराला सुतक नाही. म्हणजे गेलेला माणूस लेकीच्या सासरचा. लग्न झालेल्या लेकीच्या घरचं सुतक माहेरी पाळत नाहीत, हे प्रेमलताबाईंना कोणी शिकवायला नको होतं. उंबरठा ओलांडायच्या आत त्यांनी सगळं नातं जुळवून टाकलं.

स्वयंपाकघरात भारतीबाई मिठाच्या बरणीला फोन टेकवून उभ्या होत्या. त्यांनी मानेनेच 'बसा' म्हटलं. फोनमध्ये एक तरुण मुलगी दिसत होती, डोळे सुजलेले, केस कसेही बांधलेले. तिच्यासमोरही गॅस होता, पण तो पेटलेला नव्हता.

"लाव ना वं, काजल," भारतीबाई म्हणाल्या. "बघ, मी लावला."

"सुतकात चूल नाही पेटवत, आई."

"जिथं शेजारपाजार जेवण आणून देते, तिथं नाही पेटवत. तुले तिकडे कोण आणून देऊन राहिलं? उन्नती कवापासून बिस्किटावर आहे. लाव."

काजल रडायला लागली. "मी नाही खाणार. गाडी मी चालवून राहिली होती. दुर्गेश गेला अन् मले खरचटलंसुद्धा नाही. मीच काहून वाचली, आई?"

प्रेमलताबाई हळहळल्या. पोरीचा नवरा गेला आणि वर हे ओझं!

भारतीबाईंचा हात पळीवर थांबला. मग त्या म्हणाल्या, "रस्त्यावर धुकं होतं. धुक्यात कोणाले दिसते? तू खाशीन तवाच मी खाईन. कालपासून माझ्याही पोटात काही नाही."

तिकडे गॅस पेटला.

मग दोन्ही देशांत एकदमच वरणभात शिजला. जिरं कधी टाकायचं, हळद किती, सगळं भारतीबाई एखाद्या नवख्या पोरीला सांगावं तसं सांगत होत्या. काजलला ते येत नव्हतं असं नाही, पण तिचे हात चालते ठेवायचे होते. "पातळच ठेवजो. दुर्गेशले घट्ट वरण गळ्याखाली उतरत नसे," त्या बोलून गेल्या आणि पदर तोंडाला लावला. जावयाच्या आवडीनिवडी सासूलाच जास्त पाठ, असं प्रेमलताबाईंच्या मनात आलं.

"तुम्ही पण घ्या वाढून," काजल म्हणाली.

आईला अहोजाहो! प्रेमलताबाईंना कौतुक वाटलं. त्यांची अदिती त्यांच्याशी 'ए'शिवाय बोलत नव्हती.

"आजी, भात!" म्हणत छोटी उन्नती फोनमध्ये घुसली. काजलने तिला भरवलं आणि मग कसाबसा एक घास स्वतःच्या तोंडात घातला. इकडे भारतीबाईंनीही घातला. ती चावेल तसं या चावत होत्या. अर्धं ताट झालं तेव्हा तिकडून फोन बंद झाला आणि भारतीबाईंनी हातातला घास परत ताटात ठेवला.

"यजमान नाहीत घरी?" प्रेमलताबाईंनी विचारलं.

"मुंबईले गेले, व्हिसासाठी. तिथलं सगळं उरकून दोघी मायलेकींले घेऊन येतील."

प्रेमलताबाईंना राहवेना. मनात आलेलं बोलल्याशिवाय त्यांना अन्न पचत नसे. "तिच्या सासूले समजलं काय हो, गाडी कोण चालवत होतं ते?"

"समजलं."

"मग? काय म्हणते?"

"काय म्हणणार?" भारतीबाई ताटाकडे बघत म्हणाल्या. "पोरीनं काय मुद्दाम केलं?"

"हे तुमचं काळीज बोलते, ताई. तिचं तसं नसेल. ज्याचं जळते त्याले कळते. उद्या डोकं फिरलं तर नातीले ओढून घेतील अन् पोरीले दार बंद. ऐका माझं, तिले सासरी पाठवू नका. इथंच ठेवा."

"इथंच येणार आहे ती," भारतीबाई म्हणाल्या. "या घरातून तिले कोणी काढणार नाही. मी आहे ना."

प्रेमलताबाईंना वाटलं, आई असावी तर अशी. त्यांनी भारतीबाईंच्या पाठीवरून हात फिरवला आणि त्या न बघितलेल्या सासूबद्दल त्यांच्या मनात जरा रागच दाटून आला.

तेवढ्यात दारात कोणीतरी येऊन उभं राहिलं. प्रेमलताबाई बाहेर आल्या. एक थकलेली बाई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. आत यायची तिची हिंमत होत नव्हती.

"जरीपटक्याहून आली मी," ती हळूच म्हणाली. "भारतीताई भेटतील काय? मले हाकलून तर नाही देणार ना?"

"काहून हाकलतील? कोण तुम्ही?"

त्या बाईने दोन्ही हात जोडले. "मी काजलची आई. माझ्या पोरीच्या हातून यांचा एकुलता एक लेक गेला जी."