टोमण्यांचा सराव

शिबिरात शेवटचा सराव टोमण्यांचा होता. निवडणुकीला उभं राहू पाहणारी बाई स्टुलावर चढणार आणि बाकीच्यांनी तिला नुसतं बोलून खाली उतरवायचं. माझी सून चढली. पिशवीतला तिचा अर्ज अजून कोराच होता. "नवऱ्याला विचारलंस का गं?" कुणीतरी ओरडलं. "ते मला विचारून नोकरीला लागले?" ती हसली. मग मी उठले. ज्या वाक्यासरशी चाळीस वर्षांपूर्वी मी माझा अर्ज चुलीत घातला, ते माझ्या सासूबाईंच्याच आवाजात म्हटलं, "जगाचं बघशील, घरचं कोण बघणार?" सुनेचा पाय खाली यायला निघाला. "आजी, सराव आहे हा," शिकवणाऱ्या बाई पुटपुटल्या. पाय परत वर गेला. "तुमचा मुलगा घरात पाहुणा आहे का, आई?" मी तिच्या पिशवीतून अर्ज काढला आणि सूचक म्हणून पहिली सही ठोकली.