मुकादमाचं गाणं

"बाबा बोलत नाहीत आता," दार उघडता उघडताच मुकादमाच्या मुलीने सांगितलं. "झटका आला, त्याला वर्ष होईल. मी फोनवर सांगणार होते, पण तुम्ही ठेवलात."

प्राध्यापकांनी रेकॉर्डरची पिशवी खाली ठेवली. वरातीमागून घोडं, तसा हा माणूस सगळीकडे उशिराच पोचायचा. कुठे म्हातारी गेल्याच महिन्यात गेलेली, कुठे म्हाताऱ्याला काही आठवेनासं झालेलं. बंदराच्या धक्क्यावर ओझी वाहताना हमालांच्या टोळ्या जे गाणं म्हणायच्या, ते येणारा हा शेवटचा मुकादम. क्रेन आल्यावर बाकीचे पांगले ते पांगलेच.

मुकादम खिडकीपाशी खुर्चीत बसला होता, एका अंगाला कललेला. प्राध्यापकांनी नमस्कार केला. त्याने नुसतं पाहिलं.

"तुम्हाला येतं का त्यातलं काही?"

"मला? छे." तिने शिलाई मशीनवरचे उशीचे अभ्रे बाजूला सारले. "बाबा गाणं घरी आणायचेच नाहीत. म्हणायचे, ओझं तिथं, गाणं तिथं. आणि आम्हाला तरी कुठं हौस होती? हमालाची पोरं म्हणून आधीच सगळे हिणवायचे."

"तुमच्या मुलांना?"

"त्यांना मोबाईल येतो."

प्राध्यापक हसले, पण ते आपलं तोंडदेखलं. लोकगीत म्हणजे काय, याची व्याख्या त्यांनी आयुष्यभर पोरांकडून घोकून घेतली होती. तोंडोतोंडी, पिढ्यान्‌पिढ्या, वगैरे. या खोलीत त्यांना पुढची पिढी काही दिसेना. दारोदार हिंडून ते थकले होते, आणि खरं सांगायचं तर त्यांना रडू येत होतं. परक्याच्या घरी ते बरं दिसलं नसतं, म्हणून त्यांनी पिशवी उचलली.

"सर, जाता जाता एक कराल? भाऊ आज आलाच नाही. बाबांना पलंगावर घ्यायचंय. पाय तेवढे धरा."

ते वाकले. ती खुर्चीमागे गेली, बापाच्या काखांत हात घातले, आणि भाजीवाल्याला हाक मारावी तशा सपाट आवाजात म्हणाली,

"भार कुणाचाऽ?"

वाकड्या तोंडातून जाडसर आवाज आला. "सगळ्यांचाऽ."

त्या 'चाऽ'वर म्हाताऱ्याने धडक्या हाताने खुर्चीला रेटा दिला आणि तिघं एकदम उठले.

"पलंग किती दूऽर?"

"दोन पावलंऽ."

हे 'पावलंऽ' प्राध्यापकांच्याही तोंडून निघालं, ते त्यांना मागाहून कळलं. मुकादम अलगद पलंगावर आला.

"अहो, हेच ते गाणं," प्राध्यापकांना धाप लागली होती.

"हे? हे कुठलं गाणं? जोर कधी लावायचा ते कळायला नको का त्यांना?"

"पण त्यात पलंग कुठून आला?"

"तिथं ट्रक म्हणायचे. आमच्याकडे कुठाय ट्रक?"

त्यांनी घाईघाईने रेकॉर्डर बाहेर काढला. "एकदा पुन्हा म्हणाल?"

"आता कशाला? उचलून झालं ना." तिने बापाच्या अंगावर चादर ओढली, कंबरेवर हात ठेवून जरा वेळ उभी राहिली. मग तिला त्यांची दया आली असावी.

"संध्याकाळी परत खुर्चीत बसवायचंय. थांबा हवं तर, भावाचा काही भरवसा नाही. फक्त तेव्हा ते यंत्र हातात धरू नका, सर. दोन्ही हात लागतात."