बाबांचा ग्लास

मुलांनो, घटकाभर इशबेलच्या खुर्चीत तुम्ही बसला आहात असं समजा. संत अँड्र्यूचा सण. ताटांत मेंढीचं काळीज नि ओट घालून केलेला वाफाळता हॅगिस, स्कॉटलंडच्या नावाने मोठ्यांचे व्हिस्कीचे ग्लास उंचावलेले. बाबांचा भरलेला ग्लास तेवढा टेबलावर. दारूला पुन्हा शिवणार नाही, असा शब्द त्यांनी इशबेलला दिला होता.

"उचल की, टॉर्किल!" आजोबा गरजले. "सणाच्या दिवशीही पोरीला घाबरतोस?"

काका खदखदून हसले. बाबांचा हात ग्लासाकडे गेला.

इशबेलने तो आधीच उचलला. "आजोबा, वरून व्हिस्की ओतल्याशिवाय हॅगिस घशाखाली उतरत नाही, असं तुम्हीच म्हणता ना?" तिने अख्खा ग्लास आजोबांच्या ताटात रिकामा केला, मग ग्लासात पाणी भरलं आणि तो बाबांच्या हातात दिला.