पांढरा पियाला

"आज कितवा दिवस?" नर्सने विचारलं.

"पाचवा." सगिनबेकने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"तीन दिवसांच्या आत आला असतास तर गोळ्या दिल्या असत्या. महिनाभर घ्यायच्या, बहुतेक वेळा एचआयव्हीची लागण टळते. आता ती वेळ गेली."

"मी रस्त्यावर होतो, ताई. ओरेनबर्गहून ओशला ट्रक उडत येत नाही."

"आणि ओरेनबर्गला निरोध मिळत नाहीत वाटतं?"

सगिनबेकने खिडकीकडे पाहिलं. ट्रक बाहेर उभा होता. तो अजून घरीही गेला नव्हता.

तिने रक्त घेतलं. नाव विचारलं नाही. चिठ्ठीवर एकेचाळीस आकडा लिहिला आणि ती त्याच्या हातात दिली.

"ओरेनबर्गच्या त्या बाईकडून काही लागलं का, ते आजच्या तपासणीत कळणार नाही. रक्तात दिसायला वेळ लागतो. सहा आठवड्यांनी ये. तीन महिने झाले की शेवटची तपासणी. तोवर बायकोपासून लांब राहा, नाहीतर निरोध वापर."

"एका दस्तरखानवर बसून जेवलं तर? उष्ट्या पियाल्याने?"

"पियाल्याने होत नाही. शंभरदा सांगते, तरी लोक भांडी वेगळी करतात. आणि झालाच, तरी रोज ठरल्या वेळी गोळी घेणारी माणसं नातवंडं खेळवताहेत. तू आत्ताच मरायची तयारी करू नकोस."

गाव तासाभरावर होतं. तो पोचला तेव्हा बायकोने, बुरुलने, जमिनीवर जेवणाचा दस्तरखान अंथरला होता. नान, जर्दाळूचा मुरांबा, चहा. दोन महिन्यांनी नवरा घरी आला होता, पण ती फारसं बोलली नाही.

त्या घरात, गावातल्या सगळ्या घरांसारखाच, पियाला कुणा एकाचा नसे. कापसाच्या निळ्या फुलांची नक्षी असलेले सहा पियाले होते. रिकामा झाला की बुरुलकडे परत द्यायचा. ती दोन घोट चहा ओतून, हातात येईल तो पियाला पुढे करायची.

त्या संध्याकाळी तिच्या गुडघ्यापाशी सातवा पियाला होता. पांढरा, नक्षी नसलेला. स्वतःचा चहा तिने त्यात ओतून घेतला. नंतर तो वेगळा धुतला आणि खिडकीत पालथा घातला.

सगिनबेक पालथ्या पियाल्याकडे बघत राहिला. हिला कसं कळलं? अजून तर तो एक शब्दही बोलला नव्हता. पण बुरुलने पूर्वी एक नवरा पुरला होता. तो सायबेरियातून फुप्फुसं खराब करून परतला आणि वर्षात गेला. अशा बाईला माणसाचा चेहरा वाचता येत असेल.

"पाठ धरलीय," तो म्हणाला. "काही दिवस पुढच्या खोलीत झोपतो."

"बरं."

पुढच्या प्रश्नांची उत्तरं त्याने वाटेत घोकून ठेवली होती. तिने एकही प्रश्न विचारला नाही. स्वतःच त्याची गादी उचलून पुढच्या खोलीत घातली.

"तुझ्या पोटाच्या ऑपरेशनचं काय झालं?" त्याने विचारलं.

"पुढे ढकललं. चहा घ्या, गार होतोय."

अक्रोड झोडून झाले. बटाटे तळघरात गेले. रोज संध्याकाळी सातला टीव्हीवर बातम्यांची धून वाजली की बुरुल कणीक बघायला कोठीत जायची, आणि सगिनबेक एकटाच बातम्या बघत बसायचा. माझ्याजवळ बसायला नको तिला, असं त्याला वाटायचं. दिवसा तो अंगणात उभ्या ट्रकमध्ये जाऊन बसे. इंजिन बंद, हात चाकावर.

सहा आठवड्यांची तपासणी चांगली आली. "अर्धा रस्ता झाला," नर्स म्हणाली. पाठदुखीचं निमित्त ऐकून ती हसली. घरी येऊन हे सांगावं असं कुणी नव्हतं.

एकदा शेजारचा ममतकुल चहाला आला.

"वहिनी, खरं सांगा, ह्याची पाठ दुखते की तुम्हीच हाकललंत?"

"पाठच दुखते," बुरुल हसून म्हणाली. "तुमच्यासारखी जीभ असती तर तीही दुखली असती."

ममतकुल खो-खो हसला आणि हसता हसता त्याने पांढऱ्या पियाल्याला हात घातला. बुरुलने तो इतक्या झटक्यात मागे ओढला की चहा दस्तरखानवर सांडला.

"त्याला तडा आहे," ती म्हणाली.

तडा नव्हता. घरातला एवढा एकच पियाला आपल्या तोंडाला लागला नाही, आणि तो ती जपतेय, हे सगिनबेकला कळलं. त्या दिवशी त्याने दुसरा चहा मागितला नाही.

पहिला बर्फ पडून गेल्यावर तीन महिने भरले.

"काही नाही," नर्सने कागद त्याच्यापुढे सरकवला. "आता नक्की. जा, पाठ बरी झाली म्हणून सांग."

पण त्याने तसं सांगितलं नाही. दस्तरखानवर कागद ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. ओरेनबर्ग, ती बाई, पाचवा दिवस, एकेचाळीस आकडा. बुरुल ओरडली नाही. तिने ओढणीनं हात पुसले.

"त्या बाईचं राहू द्या. कागद परत वाचा."

त्याने वाचला.

"नक्की ना? नंतर बदलत नाही ना?"

"नाही बदलत."

तिने ओढणीत तोंड लपवलं. खांदे हलत राहिले. किती वेळ ते त्याला कळलं नाही.

"आता तो पांढरा पियाला टाकून दे, बुरुल," तो हळूच म्हणाला. "माझं उष्टं चालेल तुला."

बातम्यांची धून वाजली. बुरुल उठून कोठीत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात पीठ लागलेली गोळ्यांची बाटली होती. ती तिने त्याच्या कागदाशेजारी ठेवली आणि पांढरा पियाला आपल्याकडे ओढून घेतला.

"तुमचं उष्टं मला कधी चाललं नाही?" ती म्हणाली. "ऑपरेशनआधी रक्त तपासलं तेव्हा कळलं. माझं तुम्हाला जाऊ नये, म्हणून हा वेगळा केला."